पोराला ग्रीको रोमनला पाठवू का?

पत्र

सर, सप्रेम नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, चार एकर द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीला, वजन ६८ किलो. आठव्या वर्षापासून गावच्या तालमीत जातो. गेल्या वर्षी एका दंगलीत उजवा गुडघा पिळवटला, तेव्हापासून पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला, बिचकतो. नाशिकला गादीवर (मॅटवर) शिकवणारे त्याचे प्रशिक्षक म्हणतात, वरच्या अंगात ताकद आहे, ग्रीको रोमनला घाला, पुण्याला मुक्कामी पाठवा. पोरानं भिंतीवर क्युबाच्या त्या पैलवानाचा फोटो लावलाय. माझे वडील, आण्णा, जुने पैलवान. ते म्हणाले, "पायाला हात लावायचा नाही तर कुस्ती कसली, अर्धी कुस्ती ती." पंधरा दिवस झाले, नातवाशी बोलत नाहीत. घरच्या मंडळींना वेगळीच भीती, मान मोडेल म्हणून. यात खरंच काही भवितव्य आहे का? की गुडघा गेला म्हणून मी पोराला खालच्या दर्जाच्या कुस्तीत ढकलतोय?

उत्तर

दादा, नमस्कार.

पत्र आलं त्या रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी जास्त वेळ थांबलो. त्यातला "खालच्या दर्जाची" हा शब्द मला आण्णांचा वाटतो, तुमच्या तोंडी आलाय एवढंच. त्याचं उत्तर देतो, पण आधी गुडघा. गुडघ्याचं काय ते कळल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही.

गुडघा अधू आहे म्हणून ग्रीको रोमन, एवढंच कारण असेल तर पाठवू नका. तिथं कमरेखाली धरायचं नाही आणि पायानं अडवायचंही नाही, त्यामुळे पटाच्या झटापटीत गुडघ्याला बसणारा पीळ कमी होतो, हे खरं. पण समोरच्याला छातीशी आवळून उचलायचं, कमान टाकत डोक्यावरून मागे फेकायचं, तर तो भार शेवटी पायच पेलतात. खाली बसवलं की दोन्ही गुडघे गादीवर दाबलेले आणि पाठीवर सत्तर किलोचा गडी. म्हणून आधी नाशिकच्या चांगल्या अस्थिरोग डॉक्टरांना दाखवा, एमआरआय करून घ्या. लिगामेंट आणि आतली चकती शाबूत आहे की नाही ते कागदावर येऊ द्या. मालीश करून सूज उतरली की गुडघा बरा झाला असं आपण धरून चालतो. चौतीस वर्षांच्या क्रीडाशिक्षकाच्या नोकरीत मी ते धरून चाललेली बरीच पोरं दोन वर्षांनी खेळ सोडताना पाहिली.

समजा गुडघा धड निघाला, तरी बिचकणं राहतंच. ते वेगळं दुखणं आहे. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे जिथं पायही धरता येतात त्या कुस्तीत, बिचकणारा पोरगा लांब उभा राहून, हात झटकत थोडा वेळ तरी काढू शकतो. ग्रीको रोमनमध्ये लपायला जागाच नाही. कपाळाला कपाळ, छातीला छाती, एक हात समोरच्याच्या बगलेत. मागे सरत राहिला तर पंच निष्क्रिय ठरवतात, समोरच्याला एक गुण देतात आणि याला हातापायांवर खाली बसवू शकतात. मग समोरचा वरून भारंदाज टाकणार, म्हणजे कमरेला मिठी घालून गादीवर उलटा फिरवणार, नाहीतर कंबर धरून उचलणार. रिंगणाबाहेर पाय पडला की आणखी एक गुण. आठ गुणांचा फरक झाला की कुस्ती तिथंच संपली. फ्रीस्टाइलला हाच फरक दहाचा आहे. तेव्हा पोराला एकटं गाठून, बागेत काम करता करता विचारा, की पाय समोरच्याच्या हातात जाईल याची भीती वाटते, की माणसाच्या जवळ जायचीच भीती वाटते? पहिलं असेल तर हा प्रकार त्याच्यासाठी असू शकतो. दुसरं असेल तर मुळीच नाही, मग अंगात कितीही ताकद असू द्या.

आता आण्णा. त्यांचं दुखणं मला कळतं, मीही मातीतूनच आलो. पायाला हात नाही म्हणजे पट गेला, एकलंगी गेली, टांग गेली. कलाजंगही गेला, कारण त्यात हात मांडीतून घालावा लागतो. मातीतल्या माणसाला हे ऐकून आपलेच हात बांधल्यासारखं वाटणार. पण उरतं काय तेही त्यांच्यापुढं ठेवा. धोबीपछाड उरतो, बगलडूब उरतो, पाय न लावता मारलेली ढाक उरते, सालटू, म्हणजे कमान टाकून मागे फेकणं, उरतो, भारंदाज उरतो. नैताळ्याच्या यात्रेतल्या कुस्त्या आण्णांनी पाहिल्याच असतील. ज्या मल्लाला मान धरून समोरच्याला दमवायची सवय असायची, तो या प्रकारात घरच्यासारखा वावरला असता.

निकाली कुस्तीचा, गुणांवर नाही तर चीतपट करून जिंकायच्या कुस्तीचा, आण्णांना अभिमान असणार. त्यांना १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकची गोष्ट सांगा. ग्रीको रोमनच्या उपांत्य फेरीत रशियाकडून उतरलेला एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन अकरा तासांहून जास्त वेळ लढले. निकाल लागेपर्यंत कुणी हटलं नाही. क्लाइन जिंकला, पण अंतिम कुस्तीला उभं राहायचं त्राण त्याच्यात उरलं नाही आणि त्याला रौप्यपदक मिळालं. आज मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. सतरा वर्षांखालच्या पोरांना दोन-दोन मिनिटं. जोर मात्र तेवढ्यातच सगळा ओतायचा असतो. आण्णा खाशाबा जाधवांचं नाव घेतील, घ्यायलाच हवं. पण खाशाबांचं पदक गादीवरचंच होतं. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य घेऊन आले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवानानं परका नियम शिकून घेतला, तेव्हा त्याला कुणी अर्धा पैलवान म्हटलं नाही.

भिंतीवरचा फोटो मिहाईन लोपेझचा असणार. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये, वयाची बेचाळीस वर्षं पुरी व्हायला दोन आठवडे असताना त्यानं १३० किलो गटाची अंतिम कुस्ती ६-० अशी मारली. मग गादीवर बसून बूट सोडले आणि मधोमध ठेवून तो निघून गेला. बूट गादीवर ठेवणं म्हणजे मल्लाची निवृत्ती. २००८ बीजिंग, २०१२ लंडन, २०१६ रिओ, मग टोकियो आणि पॅरिस. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच ऑलिम्पिक सुवर्णपदकं त्याच्याआधी कुठल्याच खेळात कुणी मिळवली नव्हती. पोरानं फोटो लावला, बरंच केलं.

पण त्याला फोटोमागची वर्षंही कळू द्या. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला लोपेझ पाचवा आला होता. त्याला हरवणारा खासान बारोयेव चार वर्षांनी बीजिंगच्या अंतिम कुस्तीत पुन्हा समोर आला, तेव्हा हिशेब पुरा झाला. तुर्कस्तानच्या रिझा कायाल्पनं त्याला २०११ आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत हरवलं, आणि २०१६ ला रिओच्या अंतिम कुस्तीत लोपेझनं त्याच कायाल्पला हरवलं. हरल्यावर पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहायचं, हे त्याच्या कारकिर्दीत सतत दिसतं.

पॅरिसला हरलेला यास्मानी अकोस्ता कोण होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो चिलीकडून खेळला, पण जन्मानं क्युबाचा, एकेकाळी लोपेझबरोबरच सराव करणारा. एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल ऑलिम्पिकला जातो. लोपेझ उभा असेपर्यंत अकोस्ताचा नंबर लागणं अवघड होतं. तो २०१५ ला स्पर्धेसाठी चिलीला गेला आणि तिथंच राहिला. नव्या देशात उभं राहायला त्याची कितीतरी वर्षं गेली. अखेर ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली, आणि समोर होता तोच लोपेझ. रौप्यपदक घेऊन तो चिलीला परतला.

दादा, पोराला खेळात घालताना आपण सगळे फोटोतल्या माणसाकडं बघतो. तालमीत वीस पोरं असतील तर त्यातली एकोणीस सरावाचे जोडीदार असतात. तुमचा पोरगा पुण्याला गेला तर पहिली दोन-तीन वर्षं तो दुसऱ्या कुणाचा तरी जोडीदार असणार. रोज उचलून आपटला जाणार. कान सुजतील, खांदे भरून येतील, आणि स्पर्धेला नाव दुसऱ्याचं जाईल. त्यात त्याचं मन रमतं का, हे मला त्याच्या दंडाच्या घेरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि याची दुसरी बाजूही आहे. चांगला जोडीदार मिळाल्याशिवाय कुणी मल्ल घडत नाही. ग्रीको रोमनमध्ये तर नाहीच, कारण डमी, म्हणजे सरावाचा बाहुला, फेकून सालटू कळतो, पण सुटायला धडपडणारं जिवंत वजन कसं असतं ते कळत नाही.

तुम्हाला २०२० चा महाराष्ट्र केसरीचा निकाल आठवत असेल. भगूरला कुस्तीचे धडे गिरवलेला, नाशिक जिल्ह्याकडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके बालेवाडीत समोरासमोर होते. दोघेही पुण्याला काका पवारांच्या हाताखाली तयार झालेले, एकाच तालमीचे. ३-२ असा निकाल लागला आणि गदा मिळालेल्या हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्या खांद्यावरच्या पोराकडं बघून. रोजच्या सरावात त्यानं किती वेळा याला उचललं असेल आणि याच्याकडून तो किती वेळा पडला असेल, ते त्या दोघांनाच माहीत.

म्हणून तुम्ही पुण्याला चौकशीला जाल तेव्हा इमारत, वसतिगृह, भिंतीवरचे सत्कार हे सगळं नंतर बघा. आधी विचारा की ६५ ते ७५ किलोची ग्रीको रोमनचीच पोरं किती आहेत. दोनच असतील तर परत या. सकाळचा सराव बसून बघू द्या म्हणा. नको म्हणाले तरी परत या. आणि शिकवणारे वस्ताद तिथं किती वर्षं टिकलेत ते विचारा. रशियाचा अलेक्झांडर कारेलिन तीन वेळा ऑलिम्पिक विजेता आणि नऊ वेळा जगज्जेता झाला. पोरवयात व्हिक्टर कुझनेत्सोव यांनी त्याला हाताशी धरलं, आणि शेवटपर्यंत तेच त्याचे वस्ताद होते. तेरा वर्षं तो आंतरराष्ट्रीय कुस्ती हरला नाही. हरला तो २००० ला सिडनीच्या अंतिम फेरीत, अमेरिकेच्या रूलॉन गार्डनरकडून, तोही एका गुणानं. मिठीत धरलेली हातांची पकड क्षणभर सुटली आणि तेव्हाच्या नियमानं तो गुण गेला. एवढ्या बारीक चुकांवर निकाल लागणारा हा खेळ आहे. त्या चुका रोज बघणारा माणूस एकच असेल तर फरक पडतो.

भवितव्याचं विचारलंत, तर गोड बोलत नाही. भारताची ऑलिम्पिकमधली कुस्तीची सगळी पदकं फ्रीस्टाइलची आहेत, ग्रीको रोमनचं एकही नाही. जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक संदीप तुलसी यादवनं २०१३ ला बुडापेस्टमध्ये आणलं, ६६ किलोत कांस्य. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १९९३ च्या पप्पू यादवनंतर सुवर्णपदक मिळायला २०२० उजाडलं. ते ८७ किलोत सुनील कुमारनं दिल्लीत मिळवलं, आणि २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्यानंच कांस्य आणलं. राष्ट्रकुल स्पर्धेत हा प्रकार २०१० ला दिल्लीत होता, त्यानंतर काढला गेला. म्हणजे वाट लांबची आहे आणि मधले थांबे कमी आहेत. वाटेवर गर्दी कमी म्हणून पदक सोपं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. राष्ट्रीय स्पर्धेत सेनादल आणि रेल्वेचे तयार गडी समोर येतात.

नोकरीचं म्हणाल, तर राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सेनादल इथंही खेळाडूंना वाव असतो. कुठल्या पातळीचं पदक कुठल्या पदाला चालतं त्याचे नियम बदलत राहतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन आजचा नियम विचारा. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र जपा, पुढं त्याची पडताळणी होते. आणि बारावी सोडू देऊ नका. यावर मी अडून बसेन.

माझं मत सरळ सांगतो. गुडघा डॉक्टरांनी पास केला, तर हे एक वर्ष त्याला घरीच राहू द्या. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं नाशिकला गादीवर येऊ द्या, फक्त ग्रीको रोमनसाठी. बाकी दिवस गावच्या तालमीत जोर-बैठका, दोर, मानेचा व्यायाम. बारावी झाली की पुणे. त्यानंतर दोन वर्षं निकाल मागायचा नाही. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे मी काय सांगावं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कुणी मे महिन्यात घड शोधत नाही. तेव्हा काडी तयार होते, घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ही दोन वर्षं काडीची. त्यानंतर मात्र राज्य पातळीवर तो कुठं उभा आहे ते डोळे उघडे ठेवून बघा, आणि तेव्हा जे दिसेल त्यावर ठरवा.

वजनाबद्दल कळकळीनं लिहितो, कारण इथं माझ्या हातून चूक झाली आहे. मी नोकरीला असताना एका पोराला खालच्या गटात बसवायला तीन दिवसांत चार किलो उतरवायला लावलं. पाणी तोडलं, जाड कपडे घालून पळवलं. काट्यावर तो बसला, पहिल्याच कुस्तीत पडला आणि परतीच्या बसमध्ये त्याची शुद्ध गेली. तो वाचला, पण त्याच्या आईसमोर मला मान वर करता आली नाही. तुमचा मुलगा ६८ चा आहे आणि अजून वाढतोय. ऑलिम्पिकला ग्रीको रोमनचे गट ६०, ६७, ७७, ८७, ९७ आणि १३० असे आहेत. "थोडं उतरवलं की ६७" असं कुणीतरी म्हणेलच. नको. त्याला ७७ कडे वाढू द्या. आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात, त्यामुळे तोडलेलं पाणी भरून काढायला रात्रही मिळत नाही. पॅरिसला विनेश फोगाटची अंतिम कुस्ती दुसऱ्या सकाळच्या १०० ग्रॅमनं गेली, हे साऱ्या देशानं पाहिलंय.

खुराकाला दूध, तूप, बदाम, अंडी, डाळ, भाकरी. डब्यातली पावडर कुणी दिली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू देऊ नका. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, डबा देणाऱ्याची नाही.

वहिनींना सांगा, त्यांची भीती खोटी नाही. या प्रकारात मान, खांदे आणि बरगड्या यांनाच धोका जास्त. म्हणून मानेची ताकद तयार होईपर्यंत, निदान सहा महिने, त्याला डोक्यावरून फेकायचे डाव करू देऊ नका, आणि प्रशिक्षकांना हे समोरासमोर सांगा. चांगला प्रशिक्षक रागावणार नाही. कान सुजला, आत रक्त साकळलं, तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरकडं न्या. पैलवानाचा कान मोडलेलाच असावा असा काही नियम नाही. कारेलिनचा पंधराव्या वर्षी पाय मोडला तेव्हा त्याच्या आईनं कुस्तीचे कपडे जाळून टाकले, असं सांगतात. वहिनी नुसत्या काळजी करताहेत, हे पोराचं भाग्यच म्हणायचं. त्यांना एकदा सराव बघायला घेऊन या.

आणि आण्णांचा अबोला. त्यांना समजावत बसू नका, पंधरा दिवसांत तुम्ही ते करून पाहिलं असेलच. छाटणी उरकली की एक रविवार काढा आणि त्यांना पोराबरोबर नाशिकला गादीवर घेऊन या. खुर्ची टाकून कडेला बसवा. पोराला आधी सांगून ठेवा, की सराव संपला की घामेजल्या अंगानं आजोबांपाशी जायचं आणि विचारायचं, "आण्णा, मान धरल्यावर कोपर कुठं ठेवायचं?" पायाला हात न लावता समोरच्याला कसं वाकवायचं, हे त्यांच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते खुर्चीतून उठले आणि नातवाच्या मानेवर हात ठेवला, तर तुम्ही मध्ये बोलू नका.

कुठला रविवार ते कळवा, मीही येईन. आणि आण्णा कुठल्या वस्तादांचे पठ्ठे, ते पत्रात लिहायचं राहिलंय. तेवढं जरूर लिहा.